हिवाळ्यातले निवांत समुद्रकिनारे, ब्लॅक अँड व्हाइट फिल्म आणि एक नागपूरकर

कृष्णधवल_नागपूर
नमस्कार मंडळी. जानेवारीत आठवडाभराची सुट्टी जमवतो आहे. समुद्राचे फोटो काढायचे आहेत, फक्त ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर. कॅमेरा पेंटॅक्स के१०००, ५० मिमी लेन्स. मामांची याशिका मॅटही (मोठ्या, चौकोनी निगेटिव्हचा जुना कॅमेरा) मिळेल, तिचं प्रकाश मोजायचं मीटर मात्र बंद आहे.

मला हवं ते असं: लांबच लांब ओली वाळू, एखादी उलटी ठेवलेली होडी, लांब कुठेतरी एखादं माणूस. वॉटर स्कूटर, उंट, भेळेच्या गाड्या नकोत. सूर्यास्ताची कॅलेंडरंही नकोत. डोक्यात कोकण आहे, पण कोकणात नेमकं कुठे ते कळत नाही. फिल्म कोणती, फिल्टर लागेल का, आणि मुख्य म्हणजे हिवाळ्यातल्या प्रकाशात असे फोटो होतात का? अनुभवी लोकांनी लिहावं.

बर्डीचा_राजा
भाऊ, नागपूरले समुद्र कवा आला? पेपरात त काई वाचलं नाई बाप्पा. फुटाळ्यावर जा, चौपाटी आहे, पाणी आहे, मक्याचं कणीसबी भेटते. हलके घ्या.

धरमपेठी
फुटाळ्याला निवांत म्हणणारा माणूस रविवारी संध्याकाळी तिकडे गेलेला नाही.

मीटरवाचक
प्रकाशाबद्दल आधी. किनाऱ्यावर फिल्म वाया जाते ती बहुतेक मीटरवर विश्वास ठेवल्यामुळे. कॅमेऱ्याचं मीटर समोर जे असेल ते मध्यम करडं धरून चालतं. कोरडी वाळू, फेस आणि पांढुरकं आकाश त्याच्यापुढे आलं की ते एक्स्पोजर कमी करतं, आणि वाळू राखेसारखी काळवंडते. अशा वेळी मीटर सांगेल त्याहून एक ते दीड स्टॉप जास्त द्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). याशिकाचं मीटर बंद आहे म्हणता, तर दुसऱ्या कॅमेऱ्याच्या मीटरने स्वतःचा तळहात मोजा, त्याच उन्हात धरून, आणि एक स्टॉप उघडा. तळहात करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. माझं एवढ्यावर भागतं.

ओली वाळू मात्र वेगळं प्रकरण आहे. ती आकाश दाखवते, त्यामुळे दोन पावलं सरकलात की रीडिंग बदलतं. तिथे सावलीतला काळा दगड किंवा होडीची बाजू मोजून ठरवा.

कृष्णधवल_नागपूर
@मीटरवाचक, तळहाताचं माहीत नव्हतं. आजच बाल्कनीत करून बघतो.

रंगीबेरंगी
एक प्रामाणिक प्रश्न. आपल्याकडच्या समुद्राचा रंगच काढून टाकायचा, तर एवढ्या लांब जायचं कशाला? फोटोग्राफर रघुबीर सिंग आयुष्यभर सांगत राहिले की भारत रंगात बघायचा देश आहे, काळं-पांढरं हे पाश्चात्त्यांचं बघणं. मला ते पटतं. परदेशी फोटोग्राफरांचे थंड, धुकट किनारे बघून आपण तेच इथे शोधायला निघतो. कोकणात जानेवारीत दुपारी तिशी ओलांडते. तो 'विंटर बीच' नाही, साधा उन्हातला किनारा आहे. शिवाय फोनमध्ये एक बोट फिरवलं की काळा-पांढरा फोटो तयार.

धरमपेठी
+१, फक्त शेवटच्या वाक्याला. फिल्मचा रोल आता हजाराच्या घरात गेलाय. तेवढ्यात दोन माणसं सावजीत घाम पुसत जेवतात.

जुना_हायपो
रंगीबेरंगी यांच्याशी अर्धा सहमत. कोकणात युरोपातला हिवाळा शोधू नये. पण तिथे हिवाळा नाही हे काही खरं नाही. पावसाळ्यात दर्या खवळलेला, पाणी गढूळ, होड्या वर ओढून झाकलेल्या. डिसेंबर-जानेवारीत तोच समुद्र तळ्यासारखा पडून असतो, लाट गुडघ्याएवढी, आणि सकाळी जमिनीकडून गार वारा येतो. हा बदल डोळ्यांना दिसतो आणि फिल्मवर उतरतो. फक्त तो करड्या ढगांतून येत नाही.

आता फिल्म. पहाटेसाठी इलफर्ड एचपी५ प्लस, ४०० (हा फिल्मचा वेग, आकडा मोठा तितका कमी उजेड पुरतो). दिवसा आणि ट्रायपॉडवर एफपी४ प्लस, १२५. बजेट कमी असेल तर केंटमिअर घ्या. ती त्याच हारमन कंपनीची आहे, स्वस्त पडते आणि शिकायला उत्तम. झेक बनावटीची फोमापॅन ४०० घेतलीत तर ती २००-२५० धरून वापरा, डब्यावरचा आकडा जरा उत्साही आहे. किनाऱ्यावर मोठ्या निगेटिव्हचा फरक फार दिसतो, आकाशाच्या मोकळ्या भागात दाणा कमी राहतो. मामांची याशिका घेऊन जाच. तिच्या १२० च्या रोलवर बाराच फोटो बसतात, त्यामुळे माणूस आपोआप थांबून बघतो.

बर्डीचा_राजा
काका, बारा फोटोत माह्या मावसभावाच्या साखरपुड्याचा एक हारबी नाई होत.

जुना_हायपो
अवांतर: आमच्या लहानपणी अख्खं लग्न बारात होत असे. घरी आग्फा क्लिक थ्री होता, ऊन आणि ढग असे दोनच पर्याय. त्यात इंदू फिल्म, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची. १९६० साली सरकारने काढलेली कंपनी, स्वतःची फिल्म स्वतः बनवणाऱ्या मोजक्या देशांत आपण होतो. आता कारखानाही गेला. इंदूचा दाणा खडबडीत म्हणायचे, पण वडिलांनी काढलेली रामटेकच्या पायऱ्यांची निगेटिव्ह आजही प्रिंट होते.

निवतीकर
कोकण म्हणालात म्हणून लिहितो. नाताळ ते ३१ डिसेंबर तारकर्ली-मालवण विसरा, माणसांचे फोटो मिळतील. जानेवारी मध्यानंतर सिंधुदुर्गात या. निवती, खवणे, कोंडुरा, वायंगणी. शनिवार-रविवार सोडून आलात तर सकाळी कुत्रा आणि तुम्ही. उत्तरेला जायचं तर दापोली तालुक्यात केळशी, तिथे वाळूची टेकडीही आहे.

दोन गोष्टी सांगतो ज्या बाहेरचे लोक विचारतच नाहीत. पहिली, भरती-ओहोटी. रुंद ओली वाळू हवी असेल तर ओहोटीला पोचलं पाहिजे. आमच्याकडचा जुना हिशोब सोपा: तिथीला पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहाला, दशमीला साडेसाताला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. म्हणजे पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आगेमागे आलात तर उजाडताना पाणी लांब गेलेलं असेल. अष्टमीला आलात तर त्याच वेळी पाणी सुरूच्या मुळांशी. पंचांग बघून तिकीट काढा.

दुसरी, रापण. पहाटे होडी जाळं टाकून येते आणि मग दोन्हीकडून वीस-पंचवीस माणसं दोर ओढतात. असला फोटो तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाही. पण आधी कॅमेरा नको, आधी दोराला हात लावा. निदान विचारा तरी. आणि प्रिंट पाठवा, नुसतं 'पाठवतो' म्हणू नका.

कृष्णधवल_नागपूर
वाचनखूण साठवली. पाऊणपटीचं आईला सांगितलं, ती म्हणाली कालनिर्णय आहे की घरात.

मीटरवाचक
फोटोच्या विषयाला जोडून: रत्नागिरीत चक्क काळा समुद्र आणि पांढरा समुद्र असे दोन किनारे आहेत. मांडवीची वाळू काळसर, पलीकडे मिऱ्याच्या बाजूला पांढरट. एकाच सकाळी दोन्हीकडे जाऊन एकाच रोलवर मोजून बघा. मांडवीला मीटर उलटं फसतं, काळ्या वाळूला करडं करायला जातं. तिथे एक स्टॉप कमी द्या.

धरमपेठी
कृष्णधवल माणसासाठी सरकारने सोयच करून ठेवली आहे म्हणजे.

गोंदियावाली
सगळे कोकण-कोकण करताहेत म्हणून थोडं वाकडं बोलते. नकाशावर पट्टी ठेवून बघा. नागपूरहून मुंबईचा समुद्र सरळ रेषेत सातशे किलोमीटरच्या आसपास येतो. काकीनाडा-विशाखापट्टणमचा पावणेसहाशेच्या आसपास. आपल्याला सगळ्यांत जवळचा समुद्र पूर्वेचा आहे, पण आपण मराठी म्हणून पश्चिमेकडे तोंड करून बसलो आहोत.

अंतराचं सोडा, प्रकाशाचं बघा. कोकणात सूर्य डोंगरामागून उगवतो. सकाळी किनारा रिकामा असतो तेव्हा ऊन तुमच्या पाठीमागून पाण्यावर पडतं, सपाट. ज्याला लाटेची कड चमकलेली हवी, होडीची काळी आकृती हवी, वाळूवरच्या प्रत्येक खळग्याची सावली हवी, त्याला उजेड समोरून किंवा बाजूने पाहिजे. कोकणात तो संध्याकाळी मिळतो, म्हणजे नेमका गर्दीच्या वेळी. पूर्व किनाऱ्यावर तोच प्रकाश पहाटे मिळतो, जेव्हा कोळी सोडून कोणी नसतं. विशाखापट्टणमचा किनारा आग्नेयेकडे तोंड करून आहे आणि हिवाळ्यात सूर्यही आग्नेयेलाच उगवतो. जूनमध्ये हे जमत नाही. रिकामपण आणि समोरचा उजेड एकाच वेळी हवे असतील तर भीमिलीला जा. विशाखापट्टणमच्या उत्तरेला आहे, गोस्थनी नदी तिथे समुद्राला मिळते, जुनं डच कब्रस्तान आहे.

आमच्या गोंदियावरून समता एक्सप्रेस जाते, नागपूरहूनच येते. रायपूर, रायगडा करत विशाखापट्टणम. रोज नसते, दिवस बघून घ्या. गाडी बदलायची भानगड नाही.

निवतीकर
ताई, मुद्दा बरोबर आहे पण अर्धा. सूर्य डोंगराआडून वर येईपर्यंत कोकणात जो अर्धा-पाऊण तास मिळतो त्याचं काय? सावल्याच नसतात. आकाश उजळ, किनारा मऊ, पाणी दुधासारखं. ब्लॅक अँड व्हाइटला याहून चांगलं काय पाहिजे? तुमच्याकडे सूर्य सरळ पाण्यातून वर येतो आणि दहा मिनिटांत सगळं कडक होतं.

गोंदियावाली
मान्य, पण तो मऊ उजेड आमच्याकडेही आहे की, सूर्य उगवायच्या आधी! नंतरचा समोरचा उजेड वर फुकट.

निवतीकर
फुकट असलं तरी रापण आणि सोलकढी खंयसून आणतल्यात?

अंभोराप्रेमी
दोघांनी भांडून घ्या, तोवर कृष्णधवल भाऊंनी इथेच सराव करावा. कुही तालुक्यात अंभोऱ्याला वैनगंगा, कन्हान, आंब, मुरझा, कोलारी अशा नद्या भेटतात, त्यात गोसेखुर्दचं पाणी पसरलेलं. जानेवारीत पहाटे धुकं असेल तर पलीकडचा काठ दिसत नाही. समुद्रच. खिंडसीलाही तसंच. आणि खरी थंडी हवी ना? दहाच्या खाली पारा इथे जातो, कोकणात नाही. रंगीबेरंगी यांनाही उत्तर मिळालं: धुकट, थंड, रंग नसलेला काठ विदर्भात आहे, तो कोणाची नक्कल नाही.

रंगीबेरंगी
अंभोऱ्याचं मान्य. तिथे हिवाळ्यात पहाटे रंग असतोच कुठे. पण मग समुद्र कशाला, हा माझा प्रश्न तसाच राहतो.

कृष्णधवल_नागपूर
@रंगीबेरंगी, सरळ उत्तर देतो. मला क्षितिज पाहिजे. नागपुरात कुठेही उभा राहा, समोर काहीतरी येतंच: झाड, टाकी, मेट्रोचा खांब. अंभोऱ्यालाही धुकं उठलं की पूल. जपानचे फोटोग्राफर सुगिमोतो १९८० पासून निरनिराळे समुद्र तसेच टिपत आले, वर आकाश, खाली पाणी, मधोमध रेघ, बस. रंग असता तर लोक म्हणाले असते हा हिरवा समुद्र, तो निळा समुद्र. नसल्यामुळे फक्त पाणी आणि उजेड बघावा लागतो. मला ते बघायचंय. फोनवर नंतर रंग काढणं आणि आधीच रंग नसलेलं बघून चौकट लावणं, यांत माझ्यापुरता तरी फरक पडतो.

रंगीबेरंगी
हे उत्तर चालेल. पहिल्या पोस्टमध्येच लिहायचं होतं.

जुना_हायपो
फिल्टरचं राहिलं. फिल्मला निळा रंग जास्त दिसतो, म्हणून निळं आकाश फिल्टरशिवाय पांढरं येतं आणि क्षितिज हरवतं. पिवळा फिल्टर एक स्टॉप खातो, आकाश डोळ्याला दिसतं तसं येतं. नारिंगी साधारण दोन, लाल तीन. लाल फिल्टरने निळं आकाश जवळजवळ काळं होतं, ते नाटक वर्षातून एकदा ठीक. दूरची निळसर धूसर झाक नारिंगी-लालने कापली जाते. पण खऱ्या धुक्यावर फिल्टर चालत नाही, त्यातले थेंब सगळेच रंग सारखे पसरवतात. आणि आकाश मुळात पांढरं असेल तर कुठलाही फिल्टर त्याला काळं करणार नाही. लोक लाल फिल्टर लावून ढगाळ आकाशावर रागावतात.

गोंदियावाली
यावरून आठवलं. विशाखापट्टणम ते भीमिली रस्त्यावर एर्रा मट्टी दिब्बलु आहेत, लाल वाळूच्या टेकड्या, समुद्राला लागून. जुना_हायपो काका, लाल फिल्टरने त्या उजळ होतील ना?

जुना_हायपो
होतील. लाल वाळू फिकट, वर आकाश काळं. हिरवा फिल्टर लावलात तर उलट, वाळू काळी. हे प्रकरण रंगीबेरंगी यांनाही आवडावं, रंगाचा सगळा खेळ ब्लॅक अँड व्हाइटमध्ये.

बर्डीचा_राजा
काकाहो, एवढं समजून घ्याले मी बी सायन्सले असतो त आज इंजिनीअर असतो.

मीटरवाचक
ट्रायपॉड नेत असाल तर लांब एक्स्पोजरमध्ये फिल्म आळशी होते हे लक्षात ठेवा. मीटर १० सेकंद म्हणालं तर एचपी५ ला साधारण २० लागतात, एफपी४ ला १८. सेकंदाच्या आत असेल तर विचार करू नका. लाटा धुक्यासारख्या करायच्या म्हणून प्रत्येक फोटो लांब एक्स्पोजरचा काढू नका ही वैयक्तिक विनंती. लाटेला आकार असतो, तोही कधीतरी दिसू द्यावा.

वाळूत रोल बदलू नका. डब्याच्या तोंडावरच्या मखमलीत एक कण अडकला तर पूर्ण रोलवर लांब सरळ ओरखडा. खोलीवर येऊन बदला. ट्रायपॉडचे पाय रोज गोड्या पाण्याने धुवा.

धरमपेठी
विमानाने जायचं असेल तर? पुणे-मुंबई करून?

मीटरवाचक
जुन्या एक्स-रे यंत्रातून ४०० ची फिल्म एक-दोनदा गेली तर काही होत नाही. नव्या सीटी स्कॅनरमधून एकदाही घालू नका, कोडॅक आणि इलफर्ड दोघंही तेच सांगतात. हाताने तपासा म्हणून नम्रपणे विनंती करायची, रोल पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवायचे. त्यापेक्षा रेल्वे बरी. नागपूर-मडगाव विशेष गाडी कोकणात उतरवते, कुडाळला थांबते. मात्र ती अजून चालू आहे ना आणि कोणत्या वारी, हे आधी तपासा.

कृष्णधवल_नागपूर
धुण्याचं काय? नागपुरात एका लॅबला मागे रोल दिला होता, पाणी सुकल्याचे डाग घेऊन परत आला.

जुना_हायपो
घरी धुवा. टँक, चेंजिंग बॅग (अंधारात फिल्म टँकमध्ये भरायची पिशवी), थर्मामीटर, दोन बाटल्या. आपल्या गावाला मे महिन्यात हा उद्योग करायचा तर बर्फाची लादी आणावी लागते, टाकीतलं पाणी पस्तिशीच्या वर. जानेवारीत उलट, पहाटेचं पाणी विसाच्या खाली असतं, थोडं कोमट मिसळलं की झालं. एचपी५ आयडी-११ या डेव्हलपरमध्ये, तो पातळ न करता, २० अंशाला साडेसात मिनिटं. अंशभर गरम झालं तर वेळ दहा टक्के कमी. शेवटच्या पाण्यात वेटिंग एजंटचे दोन थेंब टाका, डाग पडणार नाहीत. आणि लटकवायला न्हाणीघर, पंखा बंद. तिथे धूळ सगळ्यांत कमी.

किनाऱ्याच्या कडक उन्हातले रोल असतील तर एक्स्पोजर थोडं जास्त द्या आणि डेव्हलपिंग पंधरा टक्के कमी करा, फेसात तपशील राहतो. आकाश पांढरं, ऊन नाही, असे रोल पूर्ण वेळ धुवा. म्हणून दोन्ही प्रकार एकाच रोलवर घेऊ नका. दोन कॅमेरे आहेत, एक पहाटेचा, एक उन्हाचा.

अंभोराप्रेमी
हा प्रतिसाद छापून न्हाणीघरात लावण्यासारखा आहे.

निवतीकर
मग ठरलं काय? कोकण की आंध्र?

कृष्णधवल_नागपूर
या वेळी भीमिली. निवतीकर दादा, रागावू नका. रिकामा किनारा आणि समोरचा उजेड हा गोंदियावाली ताईंचा मुद्दा मला सुटत नाहीये, आणि गाडी थेट आहे. रापण पुढच्या वर्षी, पंचांग बघून. संक्रांतीच्या आठवड्यात तिकडे सगळं गाव बाहेर पडतं असं ऐकलं, म्हणून त्यानंतरची तारीख घेतोय. अमावास्याही साधते आहे.

गोंदियावाली
छान. पण पाऊणपटीचा हिशोब तिकडे लावू नका, तो कोकणातला आहे. तिकडचं भरतीचं वेळापत्रक वेगळं घ्या. शिवाय तिकडे पाणी फार मागे जात नाही. मुंबईला उधाणाला साडेचार मीटरच्या वर भरती चढते, विशाखापट्टणमला भरती-ओहोटीत दीडेक मीटरचा फरक. ओल्या वाळूचा पट्टा अरुंद मिळेल, त्यासाठी गोस्थनीच्या मुखाशी उभे राहा.

निवतीकर
पाणी मागे जात नाही म्हणे. बघा, शेवटी सत्य बाहेर आलंच. पुढच्या वर्षी वाट बघतो, दोर ओढायला.

कृष्णधवल_नागपूर
😀 जुना_हायपो काका, लाल फिल्टर नागपुरात मिळेल का कुठे? पेंटॅक्सला ४९ मिमी लागतो.

जुना_हायपो
विकत घेऊ नका, माझ्याकडे ४९ चा लाल आणि नारिंगी दोन्ही आहेत. लालच्या कडेला बारीक चरा आहे, फोटोत येत नाही. रविवारी सकाळी या, चेंजिंग बॅगही घेऊन जा. याशिकाला बसणार नाहीत, तिला फिरवून अडकवायचे बायोनेट फिल्टर लागतात.

बर्डीचा_राजा
रविवारी सकाळी म्हंजे तर्री पोहे काकांकडूनच ना? मीबी येतो. फिल्टर नाई पाहिजे मले.